घरच्या रेकॉर्डिंगला मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्यायचाय, बजेट ३५ हजार, भजनी मंडळ नऊ जणांचं

कापूसकोंड्या · रविवार, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा धागा काढायलोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

विषय असा की मी परभणी जिल्ह्यात सेलूच्या बाजूला एका गावात राहतो, मेडिकलचं दुकान हाय. गावात जुनं भजनी मंडळ हाय आणि आमचे थोरले चुलते, आप्पा, त्यातले मुख्य गाणारे. वय ७६ पण आवाज अजून पेटीच्या काळी चार पट्टीला खणखणीत लागतो. त्यांना नाथांची भारुडं अन गौळणी अशा काही चालींवर येतात की त्या मी दुसरीकडं कुठंच ऐकल्या न्हाईत, आणि त्या चाली कुणी कुठं उतरवून ठेवलेल्या न्हाईत. मोबाईलवर खूपदा रेकॉर्ड केलं पण मोबाईलमधी काय येतं तर टाळ. टाळ, टाळ आणि टाळ. आप्पा कुठंतरी विहिरीत बसून गायलेत आसं वाटतं.

म्हणून मल्टिट्रॅक रेकॉर्डर घ्यायचा ठरवलंय, म्हणजे प्रत्येकाचा आवाज येगळा येगळा ट्रॅकवर आणि नंतर बसून कमीजास्त करता येईल. महिनाभर व्हिडिओ बघतोय आणि जितकं बघावं तितकं डोकं फिरायलंय. झूम आर८, आर१२, आर१६ (जुना मिळंल म्हणतेत), टास्कॅमचा डीपी-००८ईएक्स, झूम एच६. एक म्हणतो आठ ट्रॅक, एक म्हणतो सोळा, कुणी म्हणतं चोवीस. मी बी थोडं पेटी अन गिटार वाजवतो, तर मंडळाचं झालं की माझी गाणी बी करायचीत.

बजेट ३५ हजार, ओढूनताणून ४०. लॅपटॉप हाय पण नऊ वर्षांचा, बॅटरी मेलेली, आणि आमच्याकडं संध्याकाळी लाईट कधी जाईल सांगता येत न्हाई. काय घेऊ?

लॅपटॉपवाला · सोमवार, सकाळी ९:१५

स्वागत भाऊ. सरळ सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. रेकॉर्डर घेऊ नका. त्या पैशात ऑडिओ इंटरफेस घ्या, म्हणजे माईक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, लॅपटॉपला एसएसडी टाका, रॅम वाढवा, आणि रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उतरवून घ्या. साठ दिवस फुकट वापरता येतं आणि पुढं घरगुती लायसन्स ६० डॉलरला आहे. मिक्सिंग शेवटी कॉम्प्युटरवरच होणार ना? मग मधे एक डबा कशाला. दोन इंचाच्या स्क्रीनवर आवाजाच्या लाटा बघत एडिटिंग करणं म्हणजे सुईच्या भोकातून शेत बघणं.

मी संभाजीनगरात घरीच काम करतो, आठ इनपुटचा इंटरफेस आहे, बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी जेवढा आवाज साठवून पुढं देतो तो, १२८ सॅम्पलवर ठेवला तर ४४.१ किलोहर्ट्झला त्याचा उशीर तीन मिलिसेकंदसुद्धा होत नाही, गाणाऱ्याला काही उशीर जाणवत नाही.

फुकटचा_सल्ला · सोमवार, सकाळी ९:३१

आला बघा. कुणी विचारलं सायकल कोणती घेऊ की आमचे साहेब म्हणणार कार घ्या 😄

जालन्याची_मोसंबी · सोमवार, दुपारी २:०८

लॅपटॉपवाले दादा, त्यांनी लिहिलंय की हो लाईट जाते म्हणून, लॅपटॉपची बॅटरी मेली म्हणून. वाचत चला आधी.

कापूसकोंड्या भाऊ, मी सुगम संगीत शिकवते आणि घरी एकटीच रेकॉर्ड करते. चार वर्षांपासून डीपी-००८ईएक्स वापरतेय. त्याचं चांगलं सांगते, वाईटही सांगते. चांगलं म्हणजे चार पेन्सिल सेलवर चालतो, दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या माईक केबलचे) इनपुट आहेत, त्यांना फँटम पॉवर, म्हणजे केबलीतूनच माईकला वीज, मिळते म्हणून माझा कंडेन्सर माईक चालतो, वरती दोन माईक घरचेच आहेत. बटण दाबलं की पाच मिनिटात मी गायला बसलेली असते. लॅपटॉप असताना मी गायला बसायचे आणि अपडेट बघत उठायचे. आधी तानपुरा एका ट्रॅकवर, मग तबला, मग पेटी, मग आवाज, असं एकावर एक चढवत जाते. एखादी ओळ चुकली तर तेवढ्याच ओळीत पंच-इन करून परत गाते.

वाईट म्हणजे तो कॉम्प्युटरला इंटरफेस म्हणून चालत नाही, यूएसबी फक्त फाईल काढायला. आणि ट्रॅक कार्डावर सरळ दिसत नाहीत, आधी मशीनमधेच एक्स्पोर्ट करावे लागतात, मग वेव्ह फाईल मिळते. पहिल्यांदा मला वाटलं सगळं उडालं, रडायची बाकी होते.

आणि मुख्य, एका वेळी दोनच ट्रॅक रेकॉर्ड होतात. माझं एकटीचं भागतं. तुमचं नऊ जणांचं काय?

कापूसकोंड्या · सोमवार, रात्री १०:२०

ताई लई धन्यवाद. पण आठ ट्रॅकचा हाय ना तो? मग दोनच कसे?

आणि तुम्ही म्हणता तसं एकेकाला बसवून करता येईल ना? आधी पखवाज करून घेऊ, मग पेटी, मग आप्पा, मग टाळकरी. वेळ लागंल पण होईल.

धुमा · सोमवार, रात्री ११:०५

न्हाई होणार.

धुमा · सोमवार, रात्री ११:३१

चुकून अर्ध्यातच पाठवलं. सांगतो. मी निलंग्याकडचा, पखवाज वाजवतो, बारा वर्षं दिंडीत हाय. तीन वर्षाखाली आमचं मंडळ एका शहरातल्या स्टुडिओत गेलतं, नाव सांगत न्हाई, माणसं चांगली होती पण त्यांनी मला काचेच्या खोलीत एकट्याला बसवलं, कानाला हेडफोन अन त्यात टिक टिक टिक टिक, म्हणले ह्याच्यावर भजनी ठेका वाजवा सहा मिनिट. आता मला सांगा गाणारा समोर न्हाई, त्याचं तोंड दिसना, तो कधी श्वास घेतो कधी चरण उचलतो ते कळंना, तर मी वाजवू काय? भजनात लय एकसारखी ऱ्हाती का? सुरवातीला बसती, मग चढत चढत जाती, गजर आला की दुप्पट होती, अन ती चढण कुणी ठरवत न्हाई, सगळ्यांची मिळून चढती. ते टिकटिकीवर वाजवलेलं नंतर आमच्या महाराजांनी गायलं तर त्यांना धाप लागायली, कामून तर जिथं थांबायचं तिथं ठेका थांबंना अन जिथं पळायचं तिथं पळंना. आठ हजार रुपये गेले अन ती सीडी कुणी दुसऱ्यांदा ऐकली न्हाई.

तुमच्या आप्पाला ७६ व्या वर्षी हेडफोन लावून एकट्याला गायला लावू नका. सगळे एकदमच बसवा, गोल करून, जसे देवळात बसतेत तसे.

जुनी_टेप · मंगळवार, सकाळी ६:५०

धुमा म्हणतो ते शंभर टक्के. आणि कापूसकोंड्या, तुझ्या प्रश्नातच सगळा घोळ आहे, तो आधी सोडवू.

ट्रॅक किती हे एक, आणि एका वेळी किती इनपुटमधून आत घेता येतं हे दुसरं. कंपन्या डब्यावर पहिला आकडा मोठ्या अक्षरात छापतात. डीपी-००८ईएक्स म्हणजे आठ ट्रॅक वाजतील, पण आत एकावेळी दोनच. झूम आर८ तसाच, आठ आणि दोन. आर१२ सुद्धा आठ आणि दोनच, फक्त टचस्क्रीन आली. आर१६ म्हणजे सोळा वाजतात, एका वेळी आठ घेतो. आर२४ चोवीस आणि आठ. आर२० सोळा आणि आठ. टास्कॅमचा डीपी-२४एसडी चोवीस आणि आठ, डीपी-३२एसडी बत्तीस आणि तरीही आठच. म्हणजे बत्तीस बघून भुललास तरी आत जाणारी दारं आठच आहेत.

एकट्यानं थर चढवणाऱ्याला दोन दारं पुरतात. मंडळाला आठ लागतात. एवढ्यावरच तुझी यादी अर्धी खाली येते.

मी नांदेडात कॅसेटच्या काळात रेकॉर्डिंग करायचो. १९७९ साली टास्कॅमनं पोर्टास्टुडिओ १४४ काढला, साध्या कॅसेटवर चार ट्रॅक, कॅसेट दुप्पट वेगानं फिरायची म्हणून जरा बरा आवाज. माझ्याकडं त्याचाच पुढचा भाऊ होता, मुंबईहून एसटीत मांडीवर घेऊन आणलेला. चार ट्रॅक भरले की तीन ट्रॅक मिळून चौथ्यावर उतरवायचे, मोकळ्या झालेल्या तीनवर नवीन घ्यायचं. त्याला बाऊन्स म्हणतात, अजूनही बटणावर तेच नाव आहे. एकदा उतरवलं की परत वेगळं करता यायचं नाही, म्हणून आधी कान देऊन ऐकायची सवय होती. आता चोवीस ट्रॅक आहेत आणि ऐकायला कुणाला वेळ नाही, असो, म्हातारपण बोलतंय.

लॅपटॉपवाला · मंगळवार, सकाळी १०:०२

काका मान्य. धुमाचा मुद्दा मी लक्षातच घेतला नव्हता, माझ्याकडं येतात ते सगळे त्या टिकटिकीवर, क्लिकवर गाणारे. तरी एक विचारतो, आठ माईक एका खोलीत लावले तरी सगळ्यात सगळं गळणारच ना? पखवाजाच्या माईकमधे टाळ, आप्पांच्या माईकमधे टाळ. मग "नंतर टाळ कमी करू" हे होणारच नाही. आठ ट्रॅकवर आठ वेळा टाळ.

संबळ_उदे · मंगळवार, दुपारी १२:४०

टाळाचं माहीत न्हाई पण संबळीचं सांगतो. आम्ही तुळजापूरकडचे, घरात गोंधळाची परंपरा. संबळ म्हणजे टाळाचा बाप. एका भाच्यानं चार माईक लावून गोंधळ रेकॉर्ड केला, तुणतुणं ज्या माईकवर होतं त्यात तुणतुणं सोडून सगळं होतं. शेवटी आम्ही जागा बदलल्या, संबळवाल्याला दाराबाहेर ओसरीवर बसवलं, दार उघडंच, तोंड दिसायला पाहिजे म्हणून, आणि तेवढ्यानंच निम्मं काम झालं. मशीन तेच, माईक तेच.

जुनी_टेप · मंगळवार, संध्याकाळी ७:१५

हा अगदी पायाचा सल्ला आहे, सोन्यासारखा.

गळती शून्य होणार नाही, पण अर्धी करता येते. मंडपात वापरतात ते गाण्याचे साधे डायनॅमिक माईक, शुअर एसएम५८ सारखे, हे कार्डिऑइड असतात, म्हणजे समोरचं जास्त घेतात आणि बरोब्बर पाठीमागचं सगळ्यात कमी. तेव्हा आप्पांच्या माईकची शेपटी टाळकऱ्यांकडं वळली पाहिजे. आप्पा भिंतीकडं पाठ करून नाही, आप्पांचं तोंड टाळकऱ्यांकडं. म्हणजे आपोआप माईकची पाठ टाळकऱ्यांकडं होते आणि ते एकमेकांना बघतही राहतात. माईक तोंडापासून चार बोटं, लांब नाही.

दुसरं, दोन माईकमधलं अंतर हे माईक आणि वाद्य यांच्यातल्या अंतराच्या निदान तिप्पट ठेव. पखवाजाला माईक एक वीत असेल तर शेजारचा माईक तीन वितींच्या आत नको. न्हाईतर दोन माईकमधे एकच आवाज थोड्या उशिरानं पोचतो आणि मिक्स केल्यावर पोकळ, डब्यातून आल्यासारखा लागतो.

टाळकऱ्यांना स्वतंत्र माईक देऊच नकोस. टाळ काही केलं तरी येणारच आहे.

जालन्याची_मोसंबी · मंगळवार, रात्री ९:५५

टाळकऱ्यांना माईक देऊ नका हे वाक्य फ्रेम करून आमच्या गल्लीतल्या देवळात लावते 😂

धुमा · मंगळवार, रात्री १०:१२

पखवाजाला मात्र दोन पाहिजेत हां. धुम्याला, म्हणजे डाव्या खर्जाच्या तोंडाला एक, अन उजव्या शाईच्या तोंडाला एक. एकच लावला तर लोक शाईला लावतेत अन खालचा सगळा दम जातो. धुम्याला कणीक लावलेली असती, ती ओली ताजी पाहिजे, दोन तासात वाळती, अन वाळली की रेकॉर्डिंगमधी लगेच कळतं, आवाज वर चढतो. दर तासाला बघा.

कापूसकोंड्या · बुधवार, रात्री १२:०३

बापरे. मी मशीन विचारली आणि तुम्ही शाळा काढली, पण मजा यायली.

मंग हिशेब आसा: आप्पा १, पखवाज २, पेटी १, मागचे गाणारे २, वीणेकरी गातात बी म्हणून १, आणि खोलीचा एकूण एक. आठ. म्हणजे आठ इनपुट पाहिजेतच. आर२० आणि डीपी-२४एसडी माझ्या बजेटच्या वर जायलेत. राहिला जुना आर१६. एच६ चं काय? सहा ट्रॅक हायेत म्हणे.

आणि कार्ड केवढं लागंल? दोन दोन तास भजन चालतं.

लॅपटॉपवाला · बुधवार, सकाळी ८:४४

हिशोब माझ्याकडं द्या, हे माझं आवडतं काम. २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, एक मोनो ट्रॅक म्हणजे मिनिटाला साधारण ८ एमबी. आठ ट्रॅक म्हणजे मिनिटाला ६४ च्या आसपास. दोन तासाला साडेसात जीबी. ३२ जीबीच्या कार्डावर आठ तास बसतात. आर१६ ला ३२ जीबीचंच कार्ड घ्या, एसडीएचसी, ६४ वालं घेऊ नका, त्या मशीनला ते ओळखत नाही. चांगल्या कंपनीचं घ्या, दोन घ्या, आणि रेकॉर्डिंग झालं की त्याच रात्री दुसरीकडं कॉपी.

आणि १६ बिट वर ठेवू नका जागा वाचवायला. २४ बिट असलं की आवाज थोडा कमी घेतला तरी चालतं. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास उसळला पाहिजे, त्यावर नको. गजर येणार हे धरून आधीच्या शांत भागात अजून कमी. डिजिटलमधे वर लागलं की फाटतं, आणि फाटलेलं शिवता येत नाही.

जुनी_टेप · बुधवार, सकाळी ९:१०

टेप निदान गोड फाटायची.

एच६ चांगलं यंत्र आहे, चार एक्सएलआर आणि वरचा स्टिरिओ माईक मिळून सहा. वरचा माईक काढून दोन इनपुटांची जोडणी लावता येते, पण त्या दोनला फँटम मिळत नाही. चार सेलवर चालतं, खिशात मावतं. पण फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकत्या दांड्या नाहीत, खटके आणि चकत्या आहेत, आणि तुला पुढं स्वतःची गाणी थरावर थर करायचीत, त्याला तो हात देत नाही. पाच माणसांचं मंडळ असतं तर मी एच६ च म्हणालो असतो.

नवीन एच६एसेन्शियल निघालाय त्यात ३२ बिट फ्लोट आहे, म्हणजे लेव्हल सेट करायची कटकट जवळजवळ संपली. पण टाळ त्यातही येतोच.

फुकटचा_सल्ला · बुधवार, सकाळी ११:२७

३२ बिट टाळ.

कापूसकोंड्या · शुक्रवार, रात्री १०:४८

अपडेट देतो. सेलूतल्या एका ओळखीच्या बँडवाल्याकडं जुना आर१६ होता, त्यानं दोन दिवस वापरायला दिला. १५ हजार म्हणतोय, त्याला लगीनसराईत नवीन घ्यायचाय. मीटर चालतेत, आठही इनपुट तपासले, सातव्याची दांडी थोडी खरखरती.

पण गोष्ट पुढंच हाय. कुठं बसवायचं सगळ्यांना? देवळात घुमतं, वरती पत्रे, मागं बोअरची मोटर. घरात मोकळी खोली एकच, आणि तिच्यात कापूस भरलेला. भाव न्हाई म्हणून दिवाळीपासून विकला न्हाई, छातीपर्यंत ढीग. तर आप्पाच म्हणाले, अरे ढीग मागं सार, पुढं सतरंजी टाक, बसू की. बसले.

काय सांगू तुम्हाला. टाळी वाजवली तर आवाज तिथंच मेला. एवढी शांत खोली मी आयुष्यात ऐकली न्हाई. आप्पा म्हणले गळा सोडून गायला लागतंय, आवाज परत येईना. पण रेकॉर्डिंगमधी प्रत्येक अक्षर कळायलंय, पहिल्यांदाच. टाळकरी दोघं ओसरीवर, दार उघडं, उदे भाऊ सांगितलं तसं.

अडचणी दोन. एक, अर्ध्या तासात सगळ्यांना खाज सुटली. कापसात बारीक किडे असतेत, अंगावर चट्टे उठतेत. मीच दुकानातून मलम आणून दिलं, पेटीवाले काका एका हातानं खाजवत एका हातानं वाजवायले. दोन, घूं आसा एक आवाज सगळ्या ट्रॅकवर. अडॅप्टर काढून सेल टाकले की गायब. कामून?

लॅपटॉपवाला · शनिवार, सकाळी ७:३०

कापसाचं ऐकून मी स्टुडिओच्या भिंतीला लावलेल्या महागड्या फोमकडं बघत बसलोय. जाड ढिगात आवाज शिरतो आणि अडकतो, फोमनं वरचे सूर मरतात पण खालचे तसेच राहतात, तुमच्या ढिगानं धुम्याचाही घुमारा आवरला असणार.

घूं म्हणजे लाईटीचा ५० हर्ट्झ आणि त्याचे दुप्पट तिप्पट. घरी इन्व्हर्टर आहे का?

कापूसकोंड्या · शनिवार, सकाळी ७:५२

हाय. लाईट गेलती, इन्व्हर्टरवरच होतं सगळं.

जुनी_टेप · शनिवार, सकाळी ८:२०

झालं मग. साधे इन्व्हर्टर चौकोनी लाट काढतात, अडॅप्टर त्यातून किरकिर आत सोडतो. साइन वेव्हवाला असेल तर बराच फरक पडतो. पण लाईटवर लावलं तरी घूं राहिलं तर अर्थिंग बघ. आपल्याकडं उन्हाळ्यात जमीन कोरडी ठाक पडते आणि अर्थिंग नुसतं नावाला उरतं. खड्ड्यात मीठ कोळसा आहे का बघ आणि दोन बादल्या पाणी ओत. हसू नकोस, मी नांदेडात एप्रिल-मेमधे रेकॉर्डिंगच्या आदल्या रात्री ओतायचो. फक्त वायरमनला दाखवून घे, स्वतः हात घालू नकोस. अर्थिंगची पिन काढून टाका असं कुणी सांगेल, ते अजिबात करायचं नाही, पेटीवाल्याला शॉक बसला तर भजन राहील बाजूला.

सगळ्यात सोपं म्हणजे सेलवरच चालव. सहा लागतात त्याला. चार्जिंगचे निकेल वाले घे दोन संच, आणि मेनूमधे सेलचा प्रकार बदल, नाहीतर तो लवकर संपले म्हणून दाखवतो. फँटम चालू असेल तर सेल भराभर खातो.

कापूसकोंड्या · शनिवार, सकाळी ८:४१

फँटमचंच विचारणार होतो. एकानं सांगितलं आर१६ ला फँटम पाचव्या आणि सहाव्या इनपुटलाच मिळतं, म्हणून घेऊ नको.

जालन्याची_मोसंबी · शनिवार, सकाळी ९:१८

भाऊ पण तुमच्याकडं कंडेन्सर माईक आहेत का? मंडळाचे साऊंडचे माईक डायनॅमिकच असणार, त्यांना फँटम लागतच नाही. दोन मिळतात ते खूप झाले. मला तर वाटतं एक साधा कंडेन्सर घ्या पुढं कधीतरी, पाचव्यावर लावा, पेटीला. पेटीचे सूर डायनॅमिकवर जरा झाकल्यासारखे येतात. माईक भात्यापासून दूर, नाहीतर फुसफुस येते.

अजून एक. तुम्ही नंतर त्यावर कीबोर्ड वगैरे चढवणार असाल तर आधी बघून घ्या, जुन्या पेट्या कीबोर्डशी जुळत नाहीत, थोड्या वरखाली असतात. मी एकदा पूर्ण गाणं केलं आणि शेवटी कीबोर्ड लावला तर दातात खडा आल्यासारखं. कीबोर्डच्या सेटिंगमधे सूर थोडा वर खाली करता येतो, तो पेटीला जुळवायचा. पेटी कीबोर्डला जुळणार नाही, तिला सांगून उपयोग नाही.

संबळ_उदे · शनिवार, दुपारी १:०५

१५ हजार जरा जास्त सांगायलाय बँडवाला. दांडी खरखरते म्हणा, १२ वर आणा.

लॅपटॉपवाला · शनिवार, दुपारी १:३०

दांडी खरखरली तरी रेकॉर्डिंगवर परिणाम नाही, ती फक्त ऐकताना आणि मिक्स करताना लागते. आत जाणारी लेव्हल वरच्या गोल बटणाची, ते तपासा. आणि आर१६ कार्डावर प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाईल ठेवतो, कार्ड काढून लॅपटॉपला लावलं की सरळ ओढून घेता येतात. मिक्स करायला माझ्याकडं पाठवा, पैसे नकोत, ती भारुडं ऐकायला मिळाली तर बस. आणि पुढं कधी लॅपटॉप बदललात तर हाच डबा आठ इनपुटचा इंटरफेस म्हणून चालेल, बघा म्हणजे शेवटी मीच जिंकलो 😀

फुकटचा_सल्ला · शनिवार, दुपारी १:३४

कार घ्यायलाच लावली.

कापूसकोंड्या · मंगळवार, रात्री ११:१६

घेतला. १३ हजार, दोन केबल फुकट. उरलेल्या पैशात तीन माईक स्टँड, चांगल्या एक्सएलआर केबली, सेलचे दोन संच, चार्जर, दोन कार्डं. अजून दहाएक हजार हातात हायेत, ते मोसंबीताईंच्या कंडेन्सरसाठी.

रविवारी दुसऱ्यांदा बसलो. आप्पांनी तीन भारुडं सलग म्हटली, चौथ्याला मधीच थांबले, म्हणले हे आमच्या आजाकडून आलंय, शब्द एक विसरायलोय, थांब. मी बंद करायला हात पुढं केला तर म्हणले चालू ऱ्हाऊ दे. तीनेक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड झाली, मधी टाळकऱ्याचा खोकला, बाहेर बकरी. मंग आठवला शब्द आणि पुढं गायले. ते मधलं कापू का ठेवू?

जुनी_टेप · बुधवार, सकाळी ६:२२

मूळ फाईलला हात लावू नकोस. कापायचं ते कॉपीवर.

धुमा · बुधवार, सकाळी ६:५८

ठेवा की राव. बकरीसकट.

कापूसकोंड्या · शनिवार, रात्री ९:४०

ठेवलंय.

नवीन अडचण. भाव थोडा वाढला म्हणून बाबांनी गुरुवारी कापूस विकला. खोली रिकामी. आज टाळी वाजवली तर चारी भिंतींनी परत फेकली, देवळापेक्षा वाईट. आप्पांची अजून वीस-पंचवीस तरी बाकी हायेत. मी कापूस उसना मागायला गेलतो शेजाऱ्याकडं, तो म्हणला डोकं फिरलंय का तुझं.

जालन्याची_मोसंबी · शनिवार, रात्री ९:५८

😂😂 अहो गोधड्या! घरातल्या सगळ्या गाद्या उभ्या करा कोपऱ्यात, कोपरे महत्त्वाचे. दोरी बांधून गोधड्या भिंतीपासून हातभर पुढं टांगा, भिंतीला चिकटवून नका टांगू, मधे मोकळी हवा राहिली की जास्त आवाज पितात. मी लुगड्यांच्या जुन्या वाकळी लावते, त्या जड असतात, पातळ चादरीनं काही होत नाही.

कापूसकोंड्या · शनिवार, रात्री १०:११

किती लागतील? खोली दहा बाय चौदा.

जालन्याची_मोसंबी · शनिवार, रात्री १०:१५

निदान आठ-दहा. आणि खाली सतरंजी दुहेरी.

धुमा · शनिवार, रात्री १०:३३

आमच्या घरी सहा वाकळी हायेत, आजीच्या हातच्या, एकेक आठ किलोची. गुरुवारी मला परभणीला यायचंच हाय, टाकतो गाडीवर. पखवाज बी आणतो, तुमच्या पखवाजवाल्याला चालत असंल तर एक भारूड मी धरीन. पेटीची पट्टी काळी चारच ना? तेवढं आधी कळवा, पान चढवून आणावं लागतंय.

कापूसकोंड्या · शनिवार, रात्री १०:३६

काळी चारच. या. जेवायलाच या.